मक्यावरचे अवलंबित्व मोजायचे कसे?

नागपूरच्या एका महाविद्यालयात अन्नशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. तिच्या वर्गात मक्यावरील अवलंबित्व या विषयावर चर्चा झाली. अमेरिकेने आपले सगळे अन्न एका पिकाला बांधून टाकले आहे, आपण मात्र गहू, तांदूळ, ज्वारी, डाळी असे सर्व काही खातो आणि म्हणून सुरक्षित आहोत, असा चर्चेचा एकूण सूर होता. त्या चर्चेवर टिपण लिहायला बसल्यावर तिला दोन शंका आल्या. वर्षातून चार वेळा फुटाळा तलावावर भुट्टा खाणाऱ्या आपल्यासारख्यांना मक्यावर अवलंबून म्हणता येईल का? आणि एखाद्या पिकावर अवलंबून असण्यात मुळात चूक कोणती?

मी पशुपोषणाचा विद्यार्थी. तीस वर्षांहून अधिक काळ विदर्भातल्या कोंबडीखाद्याच्या गिरण्यांसाठी खाद्याची सूत्रे बसवून देण्याचे काम केले, आणि त्या काळात मक्याच्या किती पोत्यांत हात घातला याची मोजदाद नाही. त्यामुळे माझे उत्तर खाणाऱ्याच्या बाजूने नसून खरेदीदाराच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. भुट्टा हा आपण खातो त्या मक्याचा अगदी किरकोळ भाग आहे. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली, कोंबडी दोन किलो वजनाची होईपर्यंत साधारण सव्वातीन किलो खाद्य खाते आणि त्यात साठ टक्क्यांच्या आसपास मका असतो, म्हणजे जवळजवळ दोन किलो. अंड्यावरची कोंबडी रोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते, त्यातला निम्मा मका धरला तर एका अंड्यामागे अंड्याच्या वजनाइतकाच मका खर्ची पडतो. सावजीच्या रश्श्यात तरंगणारी फोड ही एका अर्थाने रूप बदललेला मकाच आहे. स्टार्चच्या कारखान्यांतून तो आणखी दूर जातो. औषधाच्या गोळीतला भराव, टूथपेस्टमधले सॉर्बिटॉल, लिमलेटच्या गोळीतले लिक्विड ग्लुकोज, कापड गिरणीत सुताला लावायची खळ आणि दवाखान्यात लटकणाऱ्या बाटलीतले डेक्स्ट्रोज यांचे मूळ बहुतेक वेळा मक्यातच सापडते.

पण तुमच्या वर्गाने इथेच थांबण्याची चूक केली, आणि ती फार लोक करतात. एखादी वस्तू किती ठिकाणी सापडते हे मोजले म्हणजे अवलंबित्व मोजले, असे होत नाही. मीठ प्रत्येक भाजीत असते, पण मिठावरच्या अवलंबित्वाची चर्चा कोणी करत नाही. तुमच्या टिपणात केसांच्या तपासणीचा उल्लेख आहे. अमेरिकी माणसाच्या केसातल्या कार्बनवरून तो किती मका खातो हे कळते, असे चर्चेत कोणीतरी सांगितले. हे खरे आहे, कारण मका ज्या प्रकाराने प्रकाशसंश्लेषण करतो त्या प्रकारात जड कार्बनचे प्रमाण थोडे जास्त राहते. मात्र ज्वारी, बाजरी आणि ऊस हीसुद्धा त्याच प्रकारची पिके आहेत. दोन वेळा ज्वारीची भाकर खाणाऱ्या आपल्या पणजोबांचे केस तपासले असते, तर मक्याचा दाणाही न खाता त्यांची नोंद मक्याच्या माणसांत झाली असती. खूण सापडली म्हणजे बंधन सिद्ध झाले असे नव्हे.

मग बंधन कशाने सिद्ध होते? मला याचे उत्तर पुस्तकात मिळाले नाही, ते खाद्याच्या सूत्राच्या तक्त्यात मिळाले. गिरणीत सूत्र संगणकावर बसवतात. प्रत्येक कच्च्या मालातली ऊर्जा, प्रथिने, लायसिन, कॅल्शियम आणि त्या दिवशीचा भाव आत टाकायचा, पक्ष्याची गरज सांगायची आणि सर्वांत स्वस्त मिश्रण मागायचे. संगणक मिश्रण तर देतोच, पण एक गोष्ट न मागता सांगतो. जो माल त्याने घेतला नाही, तो कोणत्या भावाला उतरला तर घेतला असता, हेही तो लिहून देतो. बाजरी आजच्या भावाला परवडत नाही, पण क्विंटलमागे शंभर रुपयांनी उतरली तर तिला जागा आहे, अशा स्वरूपाची ती नोंद असते. मला अवलंबित्वाचे याहून चांगले माप माहीत नाही. मका महागल्यावर दुसरा माल शंभर रुपयांच्या फरकाने आत येत असेल, तर साठ टक्के मका वापरणारा माणूसही मोकळा आहे. फरक सातशे रुपयांचा असेल, किंवा कोणत्याही भावाला दुसरा माल आत येतच नसेल, तर तो बांधलेला आहे.

आता आपल्या भागातले पर्याय पाहा. मक्यात किलोमागे सुमारे ३,३५० किलोकॅलरी ऊर्जा कोंबडीला मिळते. तिच्या जवळ जाणारी पहिली वस्तू म्हणजे भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांतून येणारी कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ. ऊर्जा उत्तम, पण तिच्यात पिवळा रंग नाही, त्यामुळे अंड्याचा बलक फिका पडतो. बाजरीत प्रथिने मक्यापेक्षा थोडी जास्त असतात, रंगाची अडचण तीच. लाल ज्वारीत टॅनिन असते, ते प्रथिनांचे पचन बिघडवते. आपल्या पांढऱ्या ज्वारीत ही अडचण फारशी नाही, पण ती माणसे खातात आणि कोंबडीपेक्षा जास्त पैसे देतात. गहू जास्त घातला की विष्ठा चिकट होते, शेडमधले तूस ओले राहते, मग त्यासाठी वेगळे एन्झाइम घालावे लागते. म्हणजे प्रत्येक दार उघडते, पण प्रत्येक दाराला काही ना काही जकात आहे.

इथे एक कबुली द्यायला हवी. पुष्कळ वर्षांपूर्वी अंड्यांच्या व्यापाऱ्यांनी बलक फिका येतो म्हणून एका गिरणीकडे तक्रार केली, आणि मी सूत्राच्या तक्त्यात एक अट घालून ठेवली की अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात मका ४५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये. तक्रार मिटली आणि मी ती अट विसरलो. पुढे एका वर्षी मका दुर्मीळ झाला, बाजरी स्वस्त होती, तरी तक्ता काही केल्या बाजरीला पुरेशी जागा देईना. आम्ही महिनाभर चढ्या भावाने मका घेत राहिलो. अखेर नव्याने लागलेल्या एका मुलाने विचारले की सर, ही अट कोणी घातली आहे? ती माझीच होती. झेंडूच्या अर्काचा रंग थोडा घातला असता तर बलकाचा प्रश्न कितीतरी कमी पैशांत सुटला असता. तुमच्या वर्गाने अमेरिकेबद्दल जे प्रश्न विचारले, त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांचे उत्तर याच प्रकारचे आहे. कधीतरी, कोणत्यातरी योग्य कारणाने अट घातली जाते, कारण नाहीसे होते आणि अट तशीच राहते.

अमेरिकेतला घटनाक्रम वर्गात उलटा मांडला गेला, असे मला वाटते. तिथल्या लोकांना मका आवडतो म्हणून त्यांनी तो लावला, असे घडलेले नाही. आधी मका अतोनात पिकला आणि मग त्याला गिऱ्हाइके शोधावी लागली. १९३०च्या दशकात संकरित बियाणे पसरले, दुसऱ्या महायुद्धानंतर नत्रखत स्वस्त झाले, आणि एकेकाळी एकरी सहा-सात क्विंटल देणारी जमीन आज चाळीस क्विंटलांच्या वर देते. (आपल्या देशाची सरासरी अजून पंधरा क्विंटलांच्या आसपास घुटमळते.) १९७०च्या दशकात सरकारी धोरणही जास्त पिकवा असेच सांगणारे होते. एवढ्या मालाला वाट हवी होती. एक वाट गुराढोरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यातून निघाली. दुसरी गोडव्यातून निघाली. मक्याच्या ग्लुकोजचे फ्रुक्टोज करणारे एन्झाइम १९५७ साली सापडले होते, जपानी शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात ते कारखान्यात वापरण्याजोगे केले. अमेरिकेने आयात साखरेवर बंधने घालून आपल्याकडची साखर महाग ठेवली असल्यामुळे मक्याचा पाक स्वस्त पडला, आणि १९८४ पर्यंत मोठ्या शीतपेय कंपन्या त्याच्यावर पूर्णपणे गेल्या. ही जागा आपल्याकडे उसाने आधीच घेतलेली आहे, म्हणून आपल्या शीतपेयात तो पाक सहसा नसतो. आपल्याकडच्या शीतपेयांतही मक्याचा पाक असतो, हे तुमच्या टिपणातले वाक्य काढून टाका.

तिसरी वाट इंधनाची. २००५ च्या कायद्याने आणि २००७ मध्ये केलेल्या त्याच्या विस्ताराने अमेरिकेत पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे बंधनकारक झाले, आणि आज तिथल्या मक्यापैकी एक तृतीयांशाहून जास्त मका इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. पहिल्या दोन वाटांपेक्षा ही वेगळी आहे. कोंबडीवाला भाव चढला की पक्षी कमी करतो, मिठाईवाला दुसरी साखर पाहतो, पण कायद्याने ठरवलेली मागणी भाव पाहून मागे हटत नाही. जानेवारी २००७ मध्ये मेक्सिकोत टॉर्टिया महागल्या म्हणून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा मक्याचे भाव चढण्यामागे अमेरिकेतल्या इथेनॉलची वाढती मागणी हे एक कारण सांगितले गेले. ज्या देशात, बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतातून मका घडवला गेला, त्याच देशावर ही वेळ आली.

तुमची दुसरी शंका, अवलंबून असण्यात चूक कोणती, ही पहिलीपेक्षा अवघड आहे. कारण अवलंबून असणे ही बहुतेक वेळा शहाणपणाचीच निवड असते. मका एका हंगामात जेवढी ऊर्जा देतो तेवढी देणारी तृणधान्ये थोडीच आहेत. तो साठवता येतो, दळता येतो, जनावरांना चालतो. प्रत्येक शेतकऱ्याने, प्रत्येक गिरणीवाल्याने आपापल्या जागी योग्यच निर्णय घेतला. धोका दिसतो तो सगळ्यांनी एकच योग्य निर्णय घेतल्यावर.

१९७० चे अमेरिकेतले उदाहरण यासाठी मी दरवेळी देतो. संकरित बियाणे तयार करताना मादी ओळीतले तुरे हाताने खुडावे लागतात, आणि ते काम खर्चाचे असते. टेक्सासमध्ये मक्याचा नरवंध्य पेशीरस, म्हणजे ज्याच्यामुळे तुऱ्यात कामाचे परागच तयार होत नाहीत असा आईकडून येणारा पेशीचा भाग, सापडला, त्यामुळे तुरे खुडण्याची गरजच राहिली नाही आणि बियाणे कंपन्यांनी तो सर्रास वापरला. १९७० पर्यंत तिथल्या संकरित मक्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक बियाण्यात हाच पेशीरस होता. दुकानात पिशव्या वेगवेगळ्या होत्या, नावे वेगळी होती, पण आत आईकडून आलेला वारसा एकच होता. त्या वर्षी पानांवरच्या करप्याचा एक प्रकार नेमका याच पेशीरसावर तुटून पडला आणि देशातले सुमारे १५ टक्के पीक गेले. शेतकऱ्याला विविधता दिसत होती, पण ती फक्त पिशवीवर होती.

आपल्या विद्यार्थ्यांना हे फार परके वाटू नये. कपाशीत २००२ साली बीटी वाणांना परवानगी मिळाल्यानंतर विदर्भातल्या शेतकऱ्यापुढे शेकडो नावांच्या पिशव्या होत्या, पण बोंडअळीशी लढणारी जनुके त्या सगळ्यांत मिळून एक-दोनच. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने या भागात काय केले ते तुमच्यापैकी अनेकांच्या घरात माहीत असेल.

चुकीचा दुसरा प्रकार पोषणाचा आहे आणि तो अन्नशास्त्राच्या विद्यार्थिनीने तरी टिपणातून वगळायला नको होता. मक्यातले नायासिन हे ब गटातले जीवनसत्त्व बांधलेल्या स्वरूपात असते, ते शरीराला सहज मिळत नाही, आणि ज्यापासून शरीर नायासिन बनवते ते ट्रिप्टोफॅनही त्याच्या प्रथिनात कमी असते. मेक्सिकोतल्या बायका शतकानुशतके मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आल्या. त्याने साल सुटते, नायासिन मोकळे होते आणि कॅल्शियमही मिळते. युरोपीयांनी मका नेला, चुना मागेच राहिला. परिणाम म्हणून इटलीत, स्पेनमध्ये आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात गरिबांमध्ये पेलाग्रा हा नायासिनच्या अभावाचा रोग पसरला. हा रोग जंतूंचा नसून आहाराचा आहे, हे १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी चिकाटीने दाखवून दिले. श्रीमंत माणूसही मका खात होता, पण त्याच्या ताटात मांस, दूध, अंडी होती. म्हणजे तिथेही प्रश्न मक्याच्या प्रमाणापेक्षा सोबत दुसरे काय आहे याचाच होता. आपल्या समाधानासाठी एवढे सांगतो की पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाच रोग दख्खनमधल्या गरीब ज्वारी खाणाऱ्यांत दिसला. तेव्हा ज्वारी म्हटले की आरोग्य आणि मका म्हटला की घात, असा सोपा हिशोब लिहू नका.

आता आपल्या देशातल्या गेल्या काही वर्षांकडे वळतो, कारण तुमच्या वर्गाचे ‘आपण सुरक्षित आहोत’ हे वाक्य इथे टिकत नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते पाच वर्षे अलीकडे आणले गेले. पाऊस कमी झाल्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, आणि त्या हंगामात मका हा देशातल्या इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल ठरला. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते. कोंबडीखाद्याच्या गिरण्यांसमोर एकदम असा खरेदीदार उभा राहिला, ज्याच्या मालाचा विक्रीभाव सरकारने ठरवून दिलेला आहे. वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणू लागला. जनुकीय बदल केलेल्या मक्याला आपल्याकडे परवानगी नसल्यामुळे अमेरिकेचा स्वस्त मका हा पर्यायही त्या वेळी नव्हता.

मी वर सांगितलेली दारे आठवा. कनकी हे आमचे पहिले दार. पण तांदळाची कनकी आणि खराब धान्य यांपासूनही इथेनॉल करतात, त्यामुळे मका महागला की कनकीही त्याच्या मागोमाग चढते. दोन दारे वेगळी दिसतात, पण दोन्हींच्या पलीकडे तोच खरेदीदार उभा आहे. छिंदवाड्याहून सौंसर, सावनेर मार्गे नागपुरात येणारे मक्याचे ट्रक मी इतकी वर्षे पाहत आलो, आणि आमच्या गिरण्यांचे सारे गणित त्या रस्त्यावर चाले. तोच माल आता कोणत्या दिशेला वळेल हे नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यालाही आधी सांगता येत नाही.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे कारखान्यातून उरणारा चोथा. टनभर मक्यातून इथेनॉल काढल्यावर सुमारे ३०० किलो कोरडा चोथा उरतो. व्यापारात त्याला डीडीजीएस म्हणतात. त्यात २७-३० टक्के प्रथिने असतात. तो स्वस्त मिळू लागल्यावर आम्ही, म्हणजे माझ्यासारख्या सूत्रे बसवणाऱ्यांनी, सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, थोडी कमी करून तो वापरायला सुरुवात केली. तक्त्याने सांगितले, आम्ही केले. जपून करावे लागते, कारण मक्यात मुळात बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष असेल तर चोथ्यात ते जवळपास तिप्पट होते. ओल्या हंगामात असा माल तपासल्याशिवाय घेणे म्हणजे अंड्यांचे उत्पादन हाताने खाली आणणे होय. पण त्याचा मोठा परिणाम गिरणीच्या बाहेर झाला. डीओसीची मागणी घटली की सोयाबीनचा भाव ढासळतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना विदर्भातल्या बाजारांत बरेचसे सौदे त्याच्या खाली झाले. आयात खाद्यतेल आणि जगातले भरघोस सोयाबीन ही कारणे त्यात होतीच, पण मक्याचा चोथा हेही एक होते. म्हणजे काटोल-उमरेडकडचा जो शेतकरी मका लावत नाही, विकत नाही आणि खातही नाही, त्याचे उत्पन्न मक्याने हलवले. तुमच्या वर्गाच्या व्याख्येत हा माणूस मक्यापासून संपूर्ण मुक्त आहे.

मका लावणाराही मुक्त नाही. २०२४ मध्ये भाव चढले म्हणून पुढच्या खरिपात क्षेत्र वाढले, आणि २०२५ च्या काढणीला हमीभाव २,४०० रुपये असताना अनेक बाजारांत मका त्याहून खाली विकला गेला. असेच फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळल्यावर आणि मार्च २०२० मध्ये कोंबडीतून करोना पसरतो या अफवेनंतर झाले होते. लोकांनी चिकन सोडले आणि मक्याचा भाव पडला. कोंबडी मक्यावर अवलंबून आहे हे सगळे म्हणतात, मका कोंबडीवर किती अवलंबून आहे हे त्या दोन्ही वेळी कळले.

तुमच्या टिपणाविषयी माझी सूचना अशी की देशांची तुलना करणारा परिच्छेद काढा आणि त्या जागी प्रत्यक्ष विचारपूस करून मिळालेली तीन उत्तरे लिहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवा माल येतो तेव्हा कळमना बाजारात जा आणि मक्याच्या अडत्याला, कोंबडीखाद्याच्या खरेदीदाराला आणि सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याला एकच प्रश्न विचारा. मक्याचा भाव क्विंटलमागे पाचशे रुपयांनी वर किंवा खाली गेला, तर तुम्ही उद्या काय वेगळे कराल? खरेदीदाराला शक्य झाल्यास हेही विचारा की त्याच्या सूत्रात मक्याची किमान मर्यादा घातलेली आहे का, आणि असेल तर ती कोणी व कधी घातली. मिळतील ती उत्तरे जशीच्या तशी उतरवून घ्या, ‘काहीच करता येणार नाही’ हे उत्तर आले तर तेही. मात्र लिलावाच्या बरेच आधी पोहोचा, कारण एकदा बोली सुरू झाली की तुमच्याशी बोलायला तिथे कोणी मोकळे नसते.